उलटा हंडा

सोसायटीच्या ग्रुपवर काल पुन्हा सूचना आली. पाणी सकाळी तासभरच सोडण्यात येईल, सभासदांनी सहकार्य करावे. जून संपत आलाय आणि आभाळात ढगाचं नाव नाही. सूचना वाचून मी उठले, माळ्यावरचा तांब्याचा हंडा खाली काढून घेतला, चिंच लावून घासला आणि भरून ओट्याखाली ठेवला. यजमानांना मी अजूनही ‘हे’च म्हणते, तर हे पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, “अगं, वर टाकी आहे एवढी मोठी. हंडा कशाला? उगाच टेन्शन घेतेस.”

“हंड्याबद्दल तुम्ही तरी बोलू नका,” मी म्हटलं.

ते गप्प बसले. चाळीसेक वर्षं होत आली, पण हंड्याचा विषय निघाला की हा माणूस अजून गप्प बसतो. त्याला कारण आहे आणि ते कारण मला फार प्रिय आहे.

संध्याकाळी मनूचा पुण्याहून फोन आला. मनू ही आमची मुलगी. ती सगळं वाचते आणि मग मला वाचून दाखवते. आता हवामान बदलतंय, म्हणते. पाऊस येईल तेव्हा एकदम कोसळेल, नाहीतर महिना महिना पाठ फिरवेल. दुष्काळ लवकर लवकर पडतील, उन्हाळ्यात नद्यांना पाणी कमी राहील, आणि समुद्र मात्र वर चढत जाईल. “खाडीकाठच्या विहिरींत खारं पाणी शिरेल, आई. तुमच्या इथेसुद्धा. तू एवढी शांत कशी राहतेस?” मी शांत नव्हतेच. मला फक्त त्या ‘शिरेल’वर थोडं हसू आलं. आमच्या इमारतीमागच्या गावातल्या विहिरीत खारं पाणी एकदा शिरलं होतं, तिच्या वडिलांनीच शिरवलं होतं, आणि ते गेलं की नाही हे सांगायचं काम या बाईसाहेबांनी केलं होतं. तेव्हा त्यांना मानसुद्धा धरता येत नव्हती.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सासूबाई, दोन दीर, जाऊबाई आणि आम्ही. तिथून नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आलो, तेव्हा पहिल्या दिवशी मी नुसती भिंतींना हात लावत हिंडले होते. ही भिंतही आपली, ती भिंतही आपली! रेल्वे अजून आली नव्हती. बाजार म्हणजे दोन हातगाड्या आणि एक वाणी. इमारतींच्या मधे भाताची खाचरं तशीच होती, बांध शाबूत होते, पण भात कुणी लावत नव्हतं. जमिनी शहरासाठी घेतलेल्या. आमच्या जिन्याखाली अशाच एका बांधाचा तुकडा उरला होता. पावसाळ्यात त्यावर खेकडे फिरायचे आणि तळमजल्यावरच्या काकू झाडू घेऊन त्यांच्यामागे धावायच्या. खिडकीतून मिठागरांतले पांढरे ढीग दिसायचे, त्यापलीकडे खाडी. नजर जाईल तिथे पाणी होतं, नळाला मात्र नव्हतं.

त्या वैशाखात मनू झाली. बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्नच नव्हता. माझं माहेर करमाळ्याकडचं, तिथे तर टँकरची वाट बघत माणसं बसलेली. बारशाला वडील एकटेच आले. आल्या आल्या त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि डोळे मिटून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

“कुठल्या नदीचं गं हे?”

मी सांगितलं. या बाजूची, घाटातून खाली उतरणारी.

“म्हंजे आपलंच की!” वडील हसले. “भीमेकडं यायचं ते. घाटात अडवत्यात, वीज काढत्यात आन् इकडं खाली सोडत्यात. तूबी सासरी आलीस, तुज्या मागनं पानीबी आलं.”

त्यांचं हे म्हणणं कितपत खरं होतं कोण जाणे. पण आपल्या रानाला न मिळालेलं पाणी लेकीच्या घरी बघून त्या माणसाला वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं, हे मी विसरू शकत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि आम्हा पोरांना सुकडी मिळायची. नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा करून आम्ही वाटीनं पाणी उपसायचो. वाटी भरायला इतका वेळ लागे की शेजारी बसलेल्या बायका त्या वेळात एक अक्षर बोलत नसत, जणू आवाज झाला तर झरा परत आत जाईल. वाटीतलं पाणी कळशीत ओतलं की मगच कुणीतरी श्वास सोडायचं. वडिलांना ते सगळं आठवत असणार. त्यांनी तांब्या पालथा घालून ठेवला आणि म्हणाले, “कुनाला तरी मिळालं ना. झालं.”

पण ते गावी परतले आणि आठवडाभरात नळाची धार करंगळीएवढी झाली. मग तीही एक दिवसाआड येऊ लागली. वर धरणात पाणी नाही, असं सांगत होते. मृग कोरडा गेला. तान्ह्या बाळाची दुपटी, लंगोट, आंघोळ, आणि बादली कोरडी. परळहून सासूबाई आल्या, घर पाहिलं आणि पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, “महिनाअखेर बघते मी. नाहीतर तुला आणि पोरीला घेऊन जाते. खोली लहान आहे, पण नळाला पाणी आहे. हे घर द्या भाड्यानं.”

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. पण एकदा परळला गेले की परत येणं नाही, हे मला ठाऊक होतं. माझ्या दोन खोल्या, माझ्या भिंती, सगळं त्या रिकाम्या बादलीवर अडलं होतं.

मग मी गावात गेले. आमच्या इमारतीच्या मागेच खाडीकाठचं जुनं गाव होतं. तिथल्या बायका मिठागरात जायच्या, मासळी विकायच्या, आणि पूर्वी त्यांची शेती होती, म्हणजे आता आमची इमारत जिथे उभी होती तिथे. त्यामुळे कळशी घेऊन त्या विहिरीवर जायला मला संकोच वाटत होता. यांच्या खाचरात आपण घर बांधून राहिलो आणि आता पाणीही मागायला आलो, कुठल्या तोंडानं? विहिरीवर बायकांची गर्दी होती. माझ्या पोटावर बांधलेलं फडकं एका म्हातारीनं पाहिलं.

“बालंतीन हाय गो ती. आदी तिला भरू दे.”

ती हौसामावशी. काळी, शिडशिडीत, आयुष्यभर मिठागरात राबून तळपाय पांढरे पडलेली. विहिरीचा कारभार तिच्याकडे होता, म्हणजे कुणी तो तिला दिला नव्हता, पण कुणी तिच्यापुढे जातही नव्हतं. मी दोरी घाईघाईनं ओढायला लागले तशी तिनं माझा हात धरला.

“हल्लू, बाय. खाली खाडीचा खारा पानी, वर पावसाचा गोर पानी. दुधावर साय असतंय ना, तसा. साय हल्लूच काढाची.”

तिच्या तोंडी गोडाचं ‘गोर’ व्हायचं. साय पुन्हा धरायला वेळ लागतो, म्हणून दुपारी विहीर निजायची. अमावास्या-पौर्णिमेचं मोठं उधाण असलं की तेव्हाही निजायची. विहीर निजली हे कळावं म्हणून काठावर एक पितळी हंडा उलटा ठेवत. तो दिसला की गावातली पोरंसुद्धा दोरीला हात लावत नसत. रोज सकाळी मी दोन खेपा करायचे. पाण्याला मातीचा मंद वास होता आणि त्यात डाळ अशी शिजायची की मधे एकदा येऊन गेलेल्या सासूबाईंनीही वाटीभर जास्त घेतली. महिनाअखेर जवळ आली तरी मला भीती वाटेनाशी झाली होती.

हे मात्र घाबरलेलेच होते. बाळंतिणीनं तीन मजले कळशी चढवायची हे त्यांना बघवत नव्हतं. तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी. तिथल्या ओळखीतून त्यांनी पेट्रोलवर चालणारा एक छोटा पंप मिळवला. इमारतीतले आणखी दोघं बरोबर घेतले. गावकऱ्यांना त्रास नको म्हणून मुद्दाम दुपारची वेळ निवडली, विहिरीवर कुणी नसतं ना तेव्हा! काठावर उलटा पडलेला हंडा बघून यांना वाटलं, कुणी बाई विसरून गेली. आमचे हे टापटिपीचे. त्यांनी तो हंडा सुलटा केला, पुसला, सौजन्य म्हणून काठोकाठ भरला आणि बाजूला नीट ठेवला. मग पंप लावून इमारतीची खालची टाकी भरून घेतली आणि तिथून पाणी वरच्या टाकीत चढवलं. घरी येऊन म्हणाले, “आता तू फक्त नळ सोड. बघ कशी धार येते.”

धार आली. मी कौतुकानं चहा टाकला. दूध घातलं आणि चहा फाटला. दुसरा टाकला, तोही फाटला. मग मी नळाखाली बोट धरून जिभेला लावलं. पाणी खारं होतं.

संध्याकाळी विहिरीवर सगळा गाव जमला होता. हौसामावशीनं एक घोट घेतला, थुंकला, आणि तो भरलेला हंडा रिकामा करून पुन्हा उलटा ठेवला. ह्यांनी पुढे होऊन सांगितलं, “मावशी, मी केलं. पोरीसाठी केलं, पण मीच केलं.” मागून कुणीतरी शिवी हासडली. जमिनी खाल्ल्या, आता इहीर खाल्ली, असं एक तरुण मोठ्यानं म्हणाला. ते ऐकून माझी मान खाली गेली.

हौसामावशीनं ह्यांच्याकडे बघितलं, आणि तिला हसू आलं.

“माजे घोवानं पन ह्योच उद्योग केलेला. वांगी लावाची म्हनून मिठागराचा इंजिन आनून लावला. सगली वांगी मेली. तवापासून हंडा उलटा ठेवतो आमी.” मग मागे वळून त्या तरुणाला म्हणाली, “तुजा आजा तो. तुला कुनी सांगला नाय काय?”

गाव हसला. हे हसले नाहीत. त्यांनी टाकीत उतरून ते खारं पाणी उपसलं आणि विहीर निजलेली होती ते सगळे दिवस गावातल्या पुरुषांबरोबर शेजारच्या गावच्या तळ्यावरून कावडीनं पाणी आणलं. खांदा सोलून निघाला. त्या कावडीतलं पाणी रोज घरोघर वाटलं जायचं, आणि रोज पहिली कळशी आमच्या तिसऱ्या मजल्यावर यायची. मी नको म्हणून बघितलं. कावड आणणारा तो तरुणच म्हणाला, “आजीनं सांगितलंय. बालंतिनीचं आदी. आमाला मार खायला लावू नका.”

आज मी टीव्हीवर तज्ज्ञ माणसं बोलताना ऐकते तेव्हा मला ती दुपार आठवते. माझ्या नवऱ्यानं एका दुपारी, चांगल्या मनानं, लेकराच्या मायेनं, एका विहिरीचं जे केलं, तेच आपण सगळ्यांनी मिळून फार मोठ्या विहिरीचं करत आलोय. कुणीच वाईट माणूस नव्हतं. प्रत्येकाला घरात दिवा हवा होता, गाडी हवी होती, तिसऱ्या मजल्यावर धार हवी होती. काठावर कुणीतरी ठेवलेला उलटा हंडा आपणही सुलटा केला, पुसलासुद्धा. फरक एवढाच की तेव्हा खाडी खालून आत आली होती आणि ओहोटीबरोबर मागे जाणार होती. आता समुद्रच चढायला लागला तर तो कुठल्या ओहोटीला मागे जाईल, हे मला कुणी सांगत नाही. मला भीती वाटते. पण त्या भीतीत रडत बसवत नाही, कारण ज्यांचं पाणी नासलं त्यांनीच आमच्या घरी पहिली कळशी पाठवली, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

उधाण ओसरून भांगाचे दिवस आले, म्हणजे भरती मवाळ झाली, तसा निरोप आला. विहीर चाखायची आहे. नेमक्या त्याच दिवशी सासूबाई पिशवी घेऊन दारात हजर. महिनाअखेर झाली होती. “आवर तुझं,” म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, एवढं बघून येते, मग निघू.” त्या कुरकुरत बरोबर आल्या.

पाणी चाखायची त्या गावाची रीत निराळी. मोठ्यांनी चाखायचं नाही. “आमची जीब मिठात मुरलेली,” हौसामावशी म्हणाली, “आमाला खारा पन गोरच लागंल.” म्हणून गावातली सगळ्यात नवी जीभ चाखते. नवी जीभ म्हणजे सगळ्यात लहान मूल. मला वाटलं, मावशीचा पणतूच असणार. तो तान्हा होता. पण तो मनूपेक्षा थोड्या दिवसांनी मोठा निघाला. मावशीनं माझ्याकडे हात पसरले.

“आन तिला.”

बायकांत कुजबुज झाली. एकजण म्हणाली, “पन ती आपली कुठं? ती बिल्डिंगमदली.”

मावशी वळली. “आपले इहिरीचा पानी आईचे दुधातून पिते ती. आपली नाय तर कोनाची गो?”

मी तिथे उभ्या उभ्या रडले. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मग मी डोळे पुसले आणि पाणी उकळून गार करूनच देईन म्हणून हट्ट धरला. मावशी खो खो हसली. “उकल, उकल. मीठ काय उकलून जातंय?” कुणाच्या तरी चुलीवर वाटीभर पाणी उकळलं, फुंकून फुंकून गार केलं. मावशीनं करंगळी बुडवून एक थेंब मनूच्या जिभेवर ठेवला. सगळा गाव गप्प. नदीच्या पात्रात वाटी भरायची वाट बघणाऱ्या बायका मला आठवल्या.

मनूच्या भुवया आकसल्या. क्षणभर वाटलं, संपलं. मग तिनं ओठ पुढे काढले आणि मावशीची करंगळी चोखायला लागली. मावशीनं दुसऱ्या हातानं काठावरचा हंडा सुलटा केला आणि बायका एकदम बोलायला लागल्या. परत येताना सासूबाईंनी वाटेत कळशी माझ्या हातून घेतली. घरी पोचल्यावर आपली पिशवी उघडून त्यातली साडी दांडीवर टाकली. “चार दिवस राहते,” म्हणाल्या, “पोरीला तेल मी लावीन.”

हौसामावशी जाऊन कितीतरी वर्षं झाली. गावात आता चार-चार मजली घरं आहेत, विहिरीवर लोखंडी जाळी आहे. कावड आणणारा तो तरुण आता आजोबा झालाय. त्याचा काल फोन होता. पाणीकपातीमुळे पोरांनी विहीर उपसून साफ केलीय, पण पाणी जरा वेगळं लागतंय. हंडा उलटा ठेवलाय. “काकू, गावात सगली पोरं मोटी झाली. तुमचे सोसायटीत कोन नवीन हाय काय?”

होती. आमच्या समोरच्याच घरात, बीडकडची एक मुलगी, भाड्यानं राहायला आलेली. तिची लेक नुकती बसायला लागलीय, वरचं पाणीही सुरू झालंय. मी विचारलं तशी ती गोंधळली. “आमचं कसं चालेल, काकू? आम्ही तर भाड्याचे. आज आहोत, उद्या नाही.” मी तिला काही समजावलं नाही. नुसतं बाळाला कडेवर घेतलं. आजकाल विहिरीचं पाणी तसंच कुणी पीत नाही, म्हणून हे विहिरीतून आधीच आणून उकळलेलं पाणी वाटीत घेऊन मागून आले. रस्ताभर सांडू नये म्हणून वाटीवर हात धरून.

थेंब जिभेवर पडताच बाळानं सगळा चेहरा गोळा केला, जीभ बाहेर काढली आणि रागानं माझ्याकडे बघितलं. जमलेली पोरं हसली. पण पाणी खारं होतं. आजोबा झालेल्या त्या माणसानं हंड्याला हात लावला नाही. “निजू दे अजून,” म्हणाला. यंदा पाऊस कधी येईल, खाडी किती मागे जाईल, कोण सांगणार?

तेवढ्यात ती बीडची मुलगी पुढे झाली. पदरानं लेकीचं तोंड पुसत तिनं त्याला विचारलं, “मग आता परत कधी आणू हिला?”